कॅम्प बंद होणार म्हणजे नक्की काय बंद होणार? बेळगावकरांचे नेहमीचे प्रश्न

वडील मराठा सेंटरमधून रिटायर झालेले आणि माझं अर्धं बालपण कॅम्पात सायकल फिरवण्यात गेलेलं, म्हणून लोकांना वाटतं मला सगळं आतलं माहीत असतं. लग्नात जेवायला बसलं तरी तेच, शनिवार खुटावर सिग्नलला थांबलं तरी तेच. परवा तर एका काकांनी रिक्षा थांबवून विचारलं, "काय रे, मिलिटरी चालली म्हणे बेळगावातनं?" तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलंय, म्हणून एकदाच बसून लिहिलंय. आतली बातमी यात काही नाही, जे कायद्यात आणि सरकारी कागदात आहे तेच आपल्या भाषेत सांगतोय, आणि मधे मधे माझं मत पण येणार, ते माझं म्हणून घ्या.

मराठा सेंटर बेळगावातून जाणार का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचंच उत्तर सगळ्यात सोपं आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे १९२२ पासून आहे, आणि सध्या जो विषय चाललाय त्याचा सेंटरच्या हलण्याशी काही संबंध नाही. रेजिमेंट त्याहून लई जुनी, पहिली पलटण म्हणजे आपली जंगी पलटण १७६८ ची. २०२३ पासून अग्निवीरांचं ट्रेनिंग पण इथेच चालू झालं. सेंटर सोडून इन्फंट्री स्कूलची ज्युनियर लीडर्स विंग आहे, मिलिटरी हॉस्पिटल आहे, राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे, आणि तिकडे सांबऱ्याला एअरफोर्सचं ट्रेनिंग स्कूल ते वेगळंच. एवढा पसारा कोण कशाला उचलेल.

मग बंद काय होणार?

कॅन्टोन्मेंट बोर्ड. म्हणजे कॅम्पातल्या सिव्हिलियन भागाची जी नगरपालिका आहे ती. आपण बोलताना सेंटरलाही कॅम्प म्हणतो, बोर्डालाही कॅम्प म्हणतो, हाय स्ट्रीटवर कपडे घ्यायला गेलो तरी "कॅम्पात गेलतो" म्हणतो, सगळा घोळ या एका शब्दाने केलाय. मिलिटरी वेगळी, बोर्ड वेगळं. ठरवलंय असं की सिव्हिल भाग कॅन्टोन्मेंटमधून काढून शेजारच्या महापालिकेत घालायचा आणि जो मिलिटरीचा भाग उरेल त्याला निव्वळ मिलिटरी स्टेशन करायचं. म्हणजे जवान तिथेच, परेड ग्राउंड तिथेच, फक्त तुमचा कचरा कोण उचलणार आणि घरपट्टी कोण घेणार ते बदलणार. फक्त म्हटलं खरं, पण खाली वाचा, ते एवढं पण फक्त नाही.

हे सगळं अचानक कुठून आलं?

अचानक नाही. देशात ६२ कॅन्टोन्मेंट होती, बहुतेक इंग्रजांच्या काळातली. आपलं १८३२ चं, १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला त्यानंतर चौदा वर्षांनी. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचलमधलं योल कॅन्टोन्मेंट पहिलं रद्द झालं. त्याच्या आधी महिनाभर अजून एक गोष्ट झाली जी लोक विसरले, ३० एप्रिल २०२३ ला देशभरातल्या ५७ बोर्डांच्या इलेक्शन लागल्या होत्या, कॅम्पात पण उमेदवारांनी तयारी केलेली, आणि मार्चमध्ये केंद्राने त्या रद्द करून टाकल्या. तेव्हाच कळायला पाहिजे होतं की वारं कुठे वाहतंय. मग मार्च २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने नियमावली काढली की सिव्हिल भाग वेगळा करताना काय काय कसं द्यायचं, आणि देवळाली धरून दहा कॅन्टोन्मेंटसाठी मसुदे निघाले.

कारण काय दिलं, तर कॅन्टोन्मेंटमधल्या लोकांना राज्य सरकारच्या पालिकेमार्फत येणाऱ्या योजना मिळत नाहीत आणि मिलिटरीला पालिका चालवायचं काम नको आहे. दोन्ही खरं आहे. तिसरं कारण कोण उघड बोलत नाही ते पैशाचं. जीएसटी आल्यावर बोर्डांचं स्वतःचं उत्पन्न आटलं, आणि राज्याच्या पालिकांना जसा वाटा मिळतो तसा यांना मिळत नाही, कारण ते राज्याचे नाहीतच.

कॅन्टोन्मेंट आणि महापालिका यात सामान्य माणसाला फरक काय?

कॅन्टोन्मेंट म्हणजे केंद्राचा तुकडा. २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने चालतो. अध्यक्ष म्हणजे स्टेशन कमांडर, वर्दीतला. सीईओ हा डिफेन्स इस्टेट्स सर्व्हिसचा अधिकारी, तो दिल्लीला उत्तर देतो. निवडून आलेले सात जण, त्यातला एक उपाध्यक्ष, पण गेली काही वर्षं तेही नाहीत, २०२१ ला मुदत संपल्यावर नेमलेला एकच सिव्हिलियन मेंबर असलेलं छोटं बोर्ड आलं. म्हणजे विचार करा, २०११ च्या जनगणनेला १९,४११ माणसं असलेल्या गावाला नगरसेवकच नाही. दिव्याचा बल्ब गेला तरी सांगायचं कुणाला, हा प्रश्न मी गंमत म्हणून नाही लिहीत.

महापालिकेत ५८ वॉर्ड आहेत, नगरसेवक आहेत, भांडायला माणूस मिळतो. पण मग तो माणूस भेटतो का, हे अनगोळ किंवा शहापूरच्या पाहुण्यांना विचारा, मी लिहीत नाही.

माझं घर ओल्ड ग्रँटचं आहे. महापालिकेत गेल्यावर ते माझ्या नावावर होईल ना?

इथे जरा सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत आणि एजंट लोक पण इथेच फिरायला लागलेत.

कॅन्टोन्मेंटमधली प्रत्येक जमीन एका रजिस्टरमध्ये असते, जनरल लँड रजिस्टर, सगळे जीएलआर म्हणतात. त्यात जमिनीचे वर्ग असतात. ए-वन म्हणजे मिलिटरीच्या प्रत्यक्ष वापराची. सी म्हणजे बोर्डाकडे सार्वजनिक कामासाठी दिलेली, रस्ते, मार्केट वगैरे. आणि बी-थ्री म्हणजे खाजगी माणसाच्या ताब्यात आहे पण मालकी हक्क सरकारने राखून ठेवलाय अशी. जुने बंगले, मंगळुरी कौलांचे, पुढे पोर्च आणि मागे आऊटहाऊस असलेले, ते बहुतेक याच प्रकारात येतात. ओल्ड ग्रँटचा अर्थ असा की भिंती तुमच्या, जमीन सरकारची. आणि जुन्या अटीत हेही होतं की सरकारने महिन्याची नोटीस देऊन, बांधकामाची किंमत मोजून, जागा परत घ्यायची.

आता २०२४ च्या नियमावलीत काय म्हटलंय? पालिकेच्या सेवांसाठी जी मालमत्ता आहे, म्हणजे पाण्याच्या टाक्या, मार्केट, शाळेची इमारत असलं, ती राज्याला किंवा पालिकेला फुकट द्यायची. बोर्डाची देणी-घेणी पण तिकडे जाणार. पण जिथे जमिनीवर केंद्राचा मालकी हक्क आहे तिथे तो केंद्राकडेच राहणार. म्हणजे तुम्ही महापालिकेत गेलात तरी तुमच्या पायाखालची जमीन दिल्लीचीच. घरपट्टी एकाला भरायची आणि घर विकायचं झालं तर परवानगी दुसऱ्याकडे मागायची, असं दोन घरचा पाहुणा उपाशी होण्याची पूर्ण शक्यता आहे.

अजून एक. महापालिकेत गेल्यावर ई-खाता मिळेल, पण खाता म्हणजे मालकी नव्हे, तो कर भरायचा कागद आहे. "खाता करून देतो, मग तुमचंच झालं" असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि घालवून द्या. मला विचाराल तर सगळ्या शहराने एकच मागणी धरायला पाहिजे होती, की हद्द बदलायच्या आधी ओल्ड ग्रँट आणि लीजच्या घरांचं काय करणार ते लिहून द्या. एकदा हद्द बदलली की मग तुमची फाईल कुणाची हे ठरवण्यातच दहा वर्षं जातात.

घरपट्टी वाढेल का?

पद्धत बदलेल हे नक्की. कॅन्टोन्मेंटमध्ये वार्षिक भाड्याच्या अंदाजावर कर बसतो. कर्नाटकातल्या पालिकांत मालमत्तेच्या किमतीवर, स्वतः हिशोब करून भरायचा. कॅम्पातल्या जागा मोक्याच्या आहेत, सरकारी रेट बरा आहे, त्यामुळे खानापूर रोडच्या तोंडाला ज्यांची दुकानं आहेत त्यांनी तयारी ठेवावी. आतल्या गल्लीतल्या दोन खोल्यांना तेवढी धडकी भरायचं कारण नाही.

मजला चढवता येईल का?

इथे सगळे लगेच हसायला लागतात, कारण खरी इच्छा हीच असते. महापालिकेचे बांधकाम नियम कॅन्टोन्मेंटपेक्षा सैल आहेत हे बरोबर. पण मिलिटरीची भिंत जवळ असली की सुरक्षेच्या अटी सुटत नाहीत. १९०३ चा वर्क्स ऑफ डिफेन्स कायदा अजून जिवंत आहे, आणि नियमावलीतच लिहिलंय की हद्द बदलताना लष्कराच्या सुरक्षेचा विचार होणार. आणि जमीन बी-थ्री असेल तर मजल्याच्या आधी वरचा ओल्ड ग्रँटचा प्रश्न परत वाचा.

रस्ते बंद करतील का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि मला याचीच सगळ्यात जास्त भीती आहे.

कॅन्टोन्मेंट कायद्यात कलम २५८ आहे. रस्ता कायमचा बंद करायचा तर आधी नोटीस काढायची, लोकांच्या हरकती ऐकायच्या, वरची परवानगी घ्यायची. सिकंदराबादमध्ये याच कलमावर लोक वर्षानुवर्षं भांडले, आणि मे २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयाने देशभरातल्या कॅन्टोन्मेंटमधले बेकायदा बंद केलेले रस्ते उघडायला सांगितले. आता बोर्डच गेलं आणि उरलेला भाग निव्वळ मिलिटरी स्टेशन झाला, तर तिथल्या रस्त्याला हे कलम लागू राहणार नाही. मग गेट लागलं तर विचारायचं कुणाला?

आपल्याकडे बघा ना, खानापूरकडनं येणारा माणूस, हिंडलग्याकडनं येणारा माणूस, सगळे कॅम्पाला चाटूनच शहरात शिरतात. शाळा सुटायच्या वेळेला सेंट पॉल्सजवळ उभं राहून बघा, अर्धं बेळगाव तिथेच असतं. मिलिटरी महादेवाला श्रावणातल्या सोमवारी जाणारी माणसं, सकाळी फिरायला जाणारे आजोबा, सगळ्यांची पायवाट मिलिटरीच्या जमिनीवरनंच आहे. आजवर कुणी अडवलं नाही, चांगुलपणा आहे तो, पण चांगुलपणा नकाशात काढून घ्यावा लागतो. हद्द आखताना कुठला रस्ता सार्वजनिक म्हणून महापालिकेकडे जाणार याची यादी मागा. रस्त्यांची यादी, नावासकट.

कागद मराठीत मिळतील का?

आता खरी दुखती नस. बोर्डाचं कामकाज इंग्रजी-हिंदीत, त्यामुळे कॅम्पातल्या मराठी माणसाला निदान कन्नडचा प्रश्न दारात येत नव्हता. शेजारची अनगोळ, वडगावची माणसं जे महापालिकेत मराठी परिपत्रकासाठी भांडत बसलीत ते कॅम्पवाला लांबनं बघायचा. एकदा महापालिकेत गेलं की नोटीस, खाता, पावती सगळं कन्नडमध्ये येणार. भाषिक अल्पसंख्याकांची संख्या १५ टक्क्यांच्या वर असेल तिथे त्यांच्या भाषेत पण कागद द्यावेत हे धोरण आहे, ते असून बेळगावात काय परिस्थिती आहे ते सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. १ नोव्हेंबर आपण काळा दिन म्हणून कसा पाळतो ते सगळ्या जगाला माहीत, आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टातला महाराष्ट्राचा सीमेचा दावा आहे तिथेच आहे.

काहीजण म्हणूलालेत की म्हणून बोर्डच राहू दे. मला हे पटत नाही. कन्नड नको म्हणून नगरसेवकच नको, हा कसला सौदा? आणि कॅम्प काही एकट्या मराठी माणसाचा नाही, तिथे कन्नड आहेत, उर्दू बोलणारे आहेत, कोंकणी ख्रिश्चन आहेत, पलटणीबरोबर आलेले तमिळ आहेत, पाच पिढ्या झाल्या त्यांना. पण मराठीत नोटीस मागणं हा हक्क आहे आणि तो विलीनीकरणाच्या अटीतच घालून घ्यायला पाहिजे, नंतर मोर्चे काढून नाही मिळत. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पण प्रत पाठवा, ते पद घटनेतच आहे, कलम ३५०-बी.

दुकानदारांचा धंदा बसेल का?

बोर्ड गेल्याने नाही बसणार. धंदा बोर्डावर नाही, सेंटरवर चालतो. कसम परेडच्या आदल्या दिवशी स्टँडवर जा, सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गाड्यांतून उतरलेले आई-बाप, मामा, बारकी भावंडं, सगळी पोराला वर्दीत बघायला आलेली. लॉज फुल, खानावळी फुल, आणि परतताना हातात कुंद्याचा डबा ठरलेला. वर्दी शिवणारे, काळ्या पेट्या विकणारे, नेमप्लेट करणारे, मेडल लावून देणारे, ही सगळी साखळी जवानाच्या खिशावर. ज्यांचे गाळे बोर्डाकडून भाड्याने आहेत त्यांनी मात्र करारपत्र शोधून ठेवा, कारण मालक बदलणार आणि नवीन मालक पहिला कागदच मागतो.

शाळा, दवाखाना, कर्मचारी?

बोर्डाची शाळा आणि दवाखाना ही पालिकेच्या सेवेची मालमत्ता, ती पुढे जाते. मिलिटरी हॉस्पिटल, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची दवाखान्याची योजना, कॅन्टीन ही मिलिटरीची, त्यांना धक्का नाही, माजी सैनिकांनी झोप उडवून घेऊ नये. बोर्डाच्या कर्मचाऱ्यांनी आणि पेन्शनरांनी मात्र गप्प बसू नये. पेन्शन कुणाच्या तिजोरीतून येणार हे नावासकट लिहून घ्या.

रेस कोर्सवर बिल्डिंगा होणार का?

गोल्फ कोर्स, रेस कोर्सचा तो हिरवा पट्टा मिलिटरीकडे आहे. लोकांना तो आठवतो ऑगस्ट २०२२ मुळे, बिबट्या शिरला होता, आजूबाजूच्या शाळा कितीतरी दिवस बंद, सक्रेबैलहून हत्ती आणले, आणि साहेब काही सापडले नाहीत. पोरांना तेवढी सुट्टी कोरोनानंतर परत कधी मिळाली नाही. विषय एवढाच की शहरात बिबट्या लपेल एवढी झाडं आज फक्त मिलिटरीच्या हद्दीत उरलीत. सिव्हिल भागातल्या जुन्या बंगल्यांची कंपाउंडं मात्र उद्या बिल्डरच्या डोळ्यावर येणार, तिथली झाडं आजच मोजून ठेवली पाहिजेत.

याआधी असं कुठे झालंय का?

आपल्याच राज्यात झालंय. बेंगळूरचं कॅन्टोन्मेंट १९४९ ला शहरात मिसळलं, दोन पालिका एक करून कॉर्पोरेशन केलं. त्यानंतर कर्नाटकात कॅन्टोन्मेंट म्हणून उरलं ते बेळगावचं एकटं. तिकडे स्टेशनचं नाव अजून कॅन्टोन्मेंट आहे, लोक अजून "कॅन्टोन्मेंट साइड" म्हणतात, आणि मिलिटरी पण गेली नाही.

आणि समजा उद्या खरंच सगळी मिलिटरीच गेली तर?

तसं अमेरिकेत होतं, तिथे १९८८ पासून पाच वेळा यादी करून तळ बंद केलेत. टेक्सासमधल्या ऑस्टिन गावाचा एअरफोर्सचा तळ १९९३ ला बंद झाला, गाव रडत नाही बसलं, सहा वर्षांत तिथेच विमानतळ चालू केला. पण ते जमलं कारण जमीन कुणाची हा प्रश्न सुटलेला होता. आपल्याकडे तो एका बंगल्याचा पण सुटलेला नाही.

मग विरोध करायचा की पाठिंबा द्यायचा?

मी पाठिंब्याच्या बाजूचा, पण अटी घालून. मोर्चात "सेंटर वाचवा" ओरडणाऱ्यांना माझं म्हणणं असं की सेंटरला काही झालेलंच नाही, वाचवायचं ते वेगळंच आहे: जमिनीचा कागद, रस्ते, आणि नोटिशीची भाषा.

हरकत कशी नोंदवायची?

हद्द बदलायची अधिसूचना निघाली की कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कॅन्टोन्मेंटमधला कुठलाही रहिवासी आठ आठवड्यांत लेखी हरकत देऊ शकतो. ती जाते केंद्र सरकारकडे, पण आर्मी कमांडरमार्फत, म्हणजे आपल्यासाठी पुण्याचं सदर्न कमांड. व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड केलेली, फेसबुकवर लिहिलेली, आमदाराच्या हातात दिलेली हरकत धरली जात नाही. रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती सांभाळा.

पत्र एक पानाचंच करा. वर तुमचा जीएलआरचा सर्व्हे नंबर, खाली जमिनीचा वर्ग, मग हरकत. "आमच्या भावनांचा विचार व्हावा" असलं लिहू नका, भावनांना सर्व्हे नंबर नसतो. शंभर घरांनी एकच झेरॉक्स मारून सह्या करण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या घराचं आपण लिहिलेलं बरं, अक्षर वाईट असलं तरी चालतं. आणि जीएलआरचा उतारा आजच मागायला अर्ज टाका, अधिसूचना निघाल्यावर सगळं कॅम्प त्याच खिडकीवर उभं राहणार आहे.